मिस्त्रीकाकांचा करंटा देश

आमच्या कंपनीत लिफ्ट बंद पडल्याच्या तक्रारी मी घेते. सव्वीस वर्षं घेतेय. फोन उचलला की पलीकडचा माणूस आधी माझ्यावर खेकसतो आणि मग पत्ता सांगतो. त्यामुळे कोण काय बोलतंय आणि त्याच्या पोटात काय आहे, हे मला नुसत्या आवाजावरून कळतं, अशी माझी समजूत होती. खरोखर दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला माणूस निराळा ओरडतो, आणि घरी उशिरा जायला निमित्त हवं असलेला निराळा. मिस्त्रीकाकांना मात्र मी अठरा वर्षं ऐकलं, रोज ऐकलं, आणि मला काडीचंही कळलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मला शहाणी समजून कोणी पुढे वाचायला नको.

मिस्त्रीकाका आमच्याकडचे सर्वात जुने लिफ्ट मेकॅनिक. मूळचे शेजारच्या देशातले. दोन वर्षं काम करून परत जायचं म्हणून बायकोला घेऊन इकडे आले, आणि सहा महिन्यांत दोन्ही देशांचं बिनसलं. कशावरून बिनसलं ते आता कोणाला नीट सांगताही येत नाही. सीमा बंद झाली, आणि त्यानंतर वर्षभराने ते आमच्या कंपनीत लागले. इकडचे इकडे राहिले, तिकडचे तिकडे. फोन बंदच. पत्रं जात, पण उघडून वाचली जात, म्हणून लोक पत्रात 'सर्व ठीक, हवा चांगली, काळजी नसावी' एवढंच लिहीत. अशी एकोणीस वर्षं गेली.

गंमत म्हणजे भाषा एकच. त्यांची आणि आमची. फार तर वाक्याच्या शेवटी ते जरासा हेल काढत. भाषा वेगळी असती तर बरं झालं असतं. मग एखाद्या शब्दापाशी अडून आम्ही विचारलं तरी असतं, की काका, याचा अर्थ काय? सगळंच कळतंय म्हटल्यावर विचारणार कोण?

काम त्यांच्यासारखं कोणाचं नाही. मोटर बिघडली की बाकीचे मेकॅनिक झाकण उघडून बसायचे. काका लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. मग म्हणायचे, "डावीकडचं बेअरिंग." ते डावीकडचंच असायचं. लिफ्ट मजल्याच्या बरोबरीने थांबते की नाही, हे बघायला त्यांना पट्टी लागत नसे. एक पाय आत, एक बाहेर ठेवून उभे राहायचे. "दोन सूत वर आहे," म्हणायचे, आणि दोन सूत म्हणजे दोनच सूत. म्हाताऱ्या माणसाला ठेच लागते ती एवढ्याशानेच, असं त्यांचं म्हणणं. लिफ्टच्या तळातल्या खड्ड्यात उतरले की तिथे पडलेल्या किल्ल्या, कंगवे, लहान मुलांचे मोजे सगळं वर आणून ज्याचं त्याला नेऊन द्यायचे. एकदा एका बाईंची कवळी नेऊन दिली. त्या बाईंनी आठ महिने ती हरवल्याचं घरात कोणाला सांगितलं नव्हतं. त्या कशा जेवत होत्या देव जाणे.

आणि शिव्या. म्हणजे अर्वाच्य नव्हेत, पण स्वतःच्या देशाला असा माणूस दिवसभर फाडून खायचा. सकाळी बॅग टेबलाशेजारी ठेवली, चहाचा पेला हातात घेतला की सुरुवात.

"आमच्याकडे लिफ्ट चालू झाली तर लोक भितात, बाई. म्हणतात, एवढ्या वर्षांनी चालू झाली म्हणजे नक्की काहीतरी बिघडलंय."

"आमच्याकडचा नळ म्हणजे सासरी गेलेली मुलगी. आली तर आली. दोन दिवस राहिली की सगळं घर आनंदात."

"आमच्या कचेरीत माणूस तरणाताठा शिरतो आणि सही घेऊन बाहेर येताना हाताला नातू असतो."

आणि शेवटी, पेला खाली ठेवताना, ठरलेलं वाक्य: "करंटा देश आमचा. करंटा."

आम्ही पडलो अभिमानी माणसं. आमच्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर देशाचं नाव ठळक आणि बिस्किटाचं बारीक. कंपनीच्या प्रत्येक गाडीवर मागे 'आमचा देश, आमचा अभिमान' लिहिलेलं. साहेबांच्या कोटाला देशाची पिन असते, आणि कोट धुवायला गेला की ती शर्टावर येते. घरचा पंखा करकरला तरी तो आपल्याकडे तयार झालाय म्हणून आम्ही त्याचं कौतुक करतो. आपल्या देशाला आपणच नावं ठेवायची, हे आम्हाला आईला चारचौघांत उलटून बोलण्यासारखं वाटतं. त्यामुळे काका सुरू झाले की आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो, "मग बरं झालं हो इकडे आलात!" अगदी मनापासून. ते बॅग उचलत आणि पहिल्या तक्रारीच्या पत्त्यावर निघून जात.

एकदाच त्यांनी मला विचारलं होतं, "बाई, तुमच्या देशाला कोणी वाईट म्हणतं का हो?"

"नाही. का?"

"नाही, तुम्ही लोक सारखं चांगला आहे, चांगला आहे म्हणून सांगता. मला वाटलं, कोणाला पटत नसेल."

मला असा राग आला, की दोन दिवस मी त्यांना पत्ते नुसते कागदावर लिहून दिले, तोंडाने सांगितले नाहीत. खाल्ल्या घरचे वासे मोजतो हा माणूस, असं माझ्या डोक्यात आलं. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "तुमचं अक्षर छान आहे, बाई." मग मी पुन्हा बोलायला लागले.

त्यांच्या घरी मी एकदाच जेवायला गेले होते. कंपनीच्या चाळीत तळमजल्यावर दोन खोल्या, एका खोलीत पलंग आणि दुसरीत बाकी सगळं. मूलबाळ नव्हतं. काकू बुटक्या, गोल, सतत हसऱ्या. जेवायला बसलो आणि दोघांनी मिळून जी देशाची लक्तरं काढायला सुरुवात केली, ती हात वाळेपर्यंत. एकाने गल्लीतल्या पोस्टमनचं नाव घ्यायचं, की दुसऱ्याने त्याची आळसाची गोष्ट सांगायची. "तो? तो दिवाळं निघाल्याचं पत्र वारसांच्या हातात द्यायचा!" काकूंना हसून हसून ठसका लागला. काका त्यांच्या पाठीवर थापटत होते आणि स्वतःच डोळे पुसत होते. मी घरी येऊन आईला म्हटलं, "किती पोळलेली माणसं आहेत गं. जेवतानासुद्धा तेच." आई म्हणाली, "अवदसे, तुला काय करायच्यात दुसऱ्यांच्या चौकशा? भांडी घास." माझी आई मला लहानपणापासून अवदसाच म्हणते. ताप आला की कपाळावर हात ठेवून म्हणते, शाळेत बक्षीस मिळालं तेव्हाही म्हणाली होती. माझ्या नावाने हाक मारली की मी घाबरते, आता काय झालं म्हणून.

हे सगळं माझ्या नाकासमोर होतं. मी बघितलं नाही.

सहा वर्षांपूर्वी काकू गेल्या. तेरा दिवसांनी काका कामावर आले, आणि तेव्हापासून शिव्या जास्तच वाढल्या. पूर्वी सकाळी एकदा व्हायच्या, त्या आता जेवणाच्या सुट्टीतही आणि संध्याकाळी बॅग कपाटात ठेवतानाही. मला वाटायचं, बिचारे एकटे पडले, कडवट झाले. घरी ज्याच्याबरोबर शिव्या घालायच्या ते माणूस गेलं म्हणून तो डबा आता आमच्यापुढे उघडला जातोय, हे माझ्या टाळक्यात आलं नाही.

मग दोन वर्षांपूर्वी दोन्ही देशांनी भांडण मिटवलं. निदान कागदावर तरी. सामान्य माणसाला ये-जा काय नि फोन काय, अजून बंदच होतं, पण कंपन्यांना कामं मिळायला लागली, आणि आमच्या कंपनीला तिकडच्या एका इस्पितळातल्या चार लिफ्ट नव्याने बसवायचं काम मिळालं. दोन महिने. एक इंजिनिअर आणि एक मेकॅनिक, एवढ्यांनाच परवाना. इस्पितळाचं नाव ऐकलं आणि काकांनी चहाचा पेला अर्धाच खाली ठेवला. ते त्यांच्याच वस्तीतलं इस्पितळ होतं. मागच्या गल्लीत त्यांची ताई राहायची. आईवडील लवकर गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं होतं. स्वतः लग्न केलं नाही. आता सत्तरी उलटली होती तिची.

हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं नाही. तेव्हा काय म्हणाले, तर, "ते इस्पितळ? त्यातली लिफ्ट मी नववीत होतो तेव्हापासून बंद आहे. पेशंटला खुर्चीत बसवून चौघं वर नेतात. वर पोचेपर्यंत पेशंट बरा आणि ते चौघं आजारी."

त्यानंतरचे तीन आठवडे त्यांनी नुसता सपाटा लावला. धूळ, पोस्ट, पुढारी, पूल, पाव. ज्याला तोंड आहे आणि ज्याला नाही अशा प्रत्येक गोष्टीचा उद्धार झाला. केस कापून आले. बॅगेचा तुटका पट्टा शिवून घेतला. हत्यारं एकेक करून तेलाच्या फडक्याने पुसली. मला विचारलं, "बाई, तिकडे या दिवसांत थंडी असते ना?" मी म्हटलं, "काका, तुमच्या देशातलं मला काय विचारता?" तर म्हणाले, "मेली पडते तेव्हा हाडं फोडते," आणि स्वतःशीच हसले. मला त्यांची इतकी दया आली. नुसतं नाव निघालं तर माणूस किती अस्वस्थ झालाय, असं मला वाटलं.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुम्ही रोज त्यांच्याशी बोलता. मिस्त्रीला पाठवावं का तिकडे? भाग माहितीचा आहे त्याच्या."

मला तेव्हाचं माझं प्रत्येक वाक्य पाठ आहे. विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला.

मी म्हणाले, "नको, साहेब. त्यांना त्या देशाचं तोंडही बघायचं नाही. मोठ्या मुश्किलीने सुटलेत तिथून. मागे कोणी आहे असंही दिसत नाही. उगाच जुन्या जखमेवर मीठ कशाला?"

साहेबांनी पिन चाचपली. "खरंय. शिवाय तिकडे जाऊन त्यांच्याच लोकांपुढे त्यांच्या देशाला शिव्या घालायला लागला तर आपली पंचाईत."

मी बाहेर आले ती कोणाचं तरी भलं केल्याच्या आनंदात. घरी जाताना रिकाम्या रस्त्यावर गुणगुणतही होते.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर कागद लागला. मेकॅनिक म्हणून 'डबल' जाणार होता. डबल म्हणजे आमचाच एक मेकॅनिक. तो लिफ्टमध्ये चढला की आतला एक माणूस आपणहून उतरायचा, म्हणून डबल. काकांनी कागद वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. मग माझ्या टेबलाशी आले.

"बरं झालं," ते म्हणाले. "त्या उकिरड्यात कोण मरायला जाणार!"

आणि मी, माझ्या जिभेला हाड नाही, मी म्हणाले, "तेच म्हटलं मी!"

ते हसले. पत्त्याचा कागद घेतला आणि गेले. डबल निघायच्या आदल्या दिवशी त्याला एवढंच म्हणाले, की इस्पितळाच्या मागे माझी ताई राहते, दिसली तर सांग, बरा आहे.

दोन महिने काका शिव्या घालायचे थांबले नाहीत, पण त्यात काही राम राहिला नव्हता. जुनंच बोलायचे. मध्येच थांबून खिडकीबाहेर बघायचे. मी एकदा म्हटलंसुद्धा, "काका, नळाचं सांगा ना." ते म्हणाले, "झालं की सांगून."

डबल परत आला त्या दिवशी चहाच्या वेळी सगळे वर्कशॉपमध्ये जमले. मीही फोन शिपायाकडे देऊन गेले. काका कोपऱ्यातल्या बाकावर दाराचे रोलर घासलेट आणि ब्रशने साफ करत बसले होते, पाठ आमच्याकडे. डबलने आधी धुळीचं सांगितलं, मग खाण्याचं, मग म्हणाला, "अरे, पण वेडी माणसं रे ती. काकांची ताई भेटली ना."

ब्रश थांबला.

"पहिल्या दिवशी आम्ही गाडीतून उतरलो तर फाटकाशी एक म्हातारी उभी. काकांनी कळवलं होतं म्हणे पत्रात, आमच्या कंपनीची माणसं येणार म्हणून. आधी इंजिनिअरसाहेबांचं तोंड बघितलं, मग माझं. मग गाडीच्या दारातून आत वाकून बघायला लागली. मी म्हटलं, 'आजी, आम्ही दोघंच आहोत.' तरी बघतेय. सीटच्या मागेसुद्धा बघितलं तिने!"

दोघंतिघं हसले. मी हसले नाही.

"मी तिला सांगितलं, काका बरे आहेत. तर नुसती मान हलवली, म्हणाली, 'हो, लिहितो तो तसं. सगळं ठीक, हवा चांगली.' रडवेली झाली. मला वाटलं हिची समजूत काढावी. म्हटलं, 'आजी, त्यांना घेऊन काय करता? त्यांना तुमचा देश मुळीच आवडत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ शिव्या घालतात.'" डबलने टाळी वाजवली. "तर म्हातारी मटकन तिथेच पायरीवर बसली. माझं मनगट धरलं. म्हणाली, 'अजून घालतो?' मी म्हटलं, 'घालतात म्हणजे? चहासुद्धा त्यावरच पचतो त्यांचा.' तर म्हणाली, 'काय काय म्हणतो? सांग, सांग.' मी नळाचं सांगितलं. हसायला लागली. मग नातवाचं सांगितलं. हसतेय आणि डोळ्यांतून पाणी. दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा हजर, शेजारच्या दोघींना घेऊन! 'यांना सांग,' म्हणाली, 'माझा भाऊ काय म्हणतो ते.' दोन महिने रोज चारला. मला चहा आणायची आणि शिव्या ऐकून जायची. माझ्याजवळच्या संपल्या, तर मी आपल्या मनाच्या घालायला लागलो. ते बरोबर ओळखायची. 'ही त्याची नाही,' म्हणायची. 'ही तुझी आहे. ही नको.'"

"पण का?" कोणीतरी विचारलं.

"मला काय माहीत! निघताना म्हणाली, 'एकोणीस वर्षं त्याची चांगली चांगली पत्रं वाचत होते. मला वाटलं होतं, माझा भाऊ परका झाला.'"

काका उठले. फडक्याला हात पुसले, बॅग खांद्याला लावली आणि म्हणाले, "नदीकाठच्या सहा मजलीची तक्रार आहे. जाऊन येतो."

नदीकाठच्या सहा मजलीची कुठलीही तक्रार नव्हती. तक्रारी मीच घेते.

त्या संध्याकाळी घरी आले तर आई म्हणाली, "अवदसे, इतका उशीर?" आणि मी दारातच रडायला लागले. आईला वाटलं, हिला कोणी काही बोललं. तिला कसं सांगणार की मला रडवलं ते तिच्या त्या एका शब्दाने? परक्याच्या मुलीला माझ्या आईने कधी अवदसा म्हटल्याचं मला आठवत नाही. परक्या मुली आल्या की ती म्हणते, या, बसा, किती गुणी गं पोर. एवढी साधी गोष्ट. घरातल्या माणसाच्या बाबतीत मला ती दुधाच्या दातांपासून माहीत होती आणि देशाच्या बाबतीत माझी अक्कल गहाण पडली होती. उलट मलाच कोणी विचारलं असतं, तर देशप्रेम म्हणजे काय यावर मी अर्धा तास भाषण ठोकलं असतं.

दोन दिवसांनी मी काकांना शोधत एका इमारतीच्या गच्चीवर गेले. मशीनच्या खोलीत ते ब्रेकचे पट्टे बदलत होते. मी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. साहेबांनी मला विचारलं होतं. मीच नको म्हणाले. त्यांना तिकडचं तोंडही बघायचं नाही, असं म्हणाले.

त्यांनी पाना खाली ठेवला.

"मी तसं म्हणत होतो?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"हो." त्यांनी मान हलवली. "म्हणत होतो खरं."

"काका, तुम्ही एकदा तरी म्हणायचं होतं ना, मला पाठवा म्हणून! एकदा!"

"असं मागायचं असतं का, बाई? आमच्याकडे कोणी..." ते थांबले. "मला वाटलं, इतकी वर्षं बोलतोय, म्हणजे कळलंच असेल सगळ्यांना."

मला वाटलं, आता खेकसतील. खेकसायला हवं होतं. माणसं रोज माझ्यावर खेकसतात, मला सवय आहे, मी ते झेललं असतं. ते म्हणाले, "तुम्ही माझं भलंच बघितलंत. तुमचं मन फार चांगलं आहे, बाई." आणि पुन्हा ब्रेककडे वळले. मी नऊ मजले जिन्याने उतरले.

साहेबांना जाऊन भेटले. त्यांना पटवायला मला तीन दिवस लागले, आणि पटल्यावरही नाही पटलं. "प्रेम असतं तर माणूस चांगलं बोलला असता," हेच त्यांचं पालुपद. बरं, पटून उपयोगही नव्हता. परवाना कामावर मिळतो, आणि त्या नव्या लिफ्टना पाच वर्षं तरी इकडून माणूस लागणार नव्हता. काका पुढच्या वर्षी निवृत्त होणार. ताई सत्तरीच्या पुढे. पाच वर्षं कोणाजवळ होती?

माझ्या हातात होता तो फोन. नव्या लिफ्टची देखभाल म्हणून इस्पितळाचा लिफ्टमन दर गुरुवारी अकरा वाजता थेट माझ्या टेबलावर फोन करायचा आणि काय करकरतंय ते सांगायचा. त्या लाइनवर खाजगी बोलायची मनाई होती. मी त्या लिफ्टमनला म्हटलं, "दादा, पुढच्या गुरुवारी मागच्या गल्लीतल्या ताईंना तुमच्या खुर्चीत आणून बसवा. कोणी विचारलं तर म्हणावं, तक्रार आहे त्यांची." तो म्हणाला, "त्यांची तर चिक्कार आहे."

गुरुवारी पावणेअकराला मी काकांना टेबलासमोर बसवलं आणि कशासाठी ते सांगितलं. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, जसं काही ती बघणारच होती. फोन वाजला. मी त्यांच्या हातात दिला आणि वहीत डोकं घातलं. पण म्हातारी इतक्या मोठ्याने बोलत होती, की फोन नसता तरी ऐकू आलं असतं.

"कोण आहे?"

"मी," काका म्हणाले.

"मी कोण? मेल्या, तूच का?"

काकांनी टेबलाची कड धरली. "मीच गं."

"गधड्या! लिफ्ट सुरू झाली इथली. आता कशाला शिव्या घालशील?"

"जिना आहे की अजून. त्याची सातवी पायरी तशीच आहे का?"

"तशीच. परवा त्यात मोठे डॉक्टर पडले. आता दुरुस्त करतील बघ, पुढच्या वीस वर्षांत."

"आणि नळ?"

"आला होता मंगळवारी. तुझी चौकशी करत होता."

काका हसले. अठरा वर्षांत मी त्यांना असं हसताना एकदाच पाहिलं होतं, त्या दोन खोल्यांत, काकूंसमोर. मग कोणी कोणाला थांबू देईना. पोस्टमन मेला होता, पण त्याच्या जागी त्याचा मुलगा आला होता आणि तो बापाला पुण्यवान म्हणायची पाळी आणत होता. पूल अजून अर्धाच होता. पाव आता आणखी लहान झाला होता, इतका की ताई म्हणाली, गोळी म्हणून पाण्याबरोबर घेता येतो. काकांचे कान लाल झाले होते. सतरा-अठरा वर्षांच्या पोरासारखे दिसत होते.

मग ताईने विचारलं, "आणि तिकडे रे? तिकडे कसं आहे?"

काकांनी मान वर केली. ऑफिसभर एकदा बघितलं. टेबलं, फळा, साहेबांच्या केबिनची काच, मी.

"इथं?" ते म्हणाले. "इथं फार चांगलं आहे, ताई. माणसं फार चांगली आहेत. हवा चांगली. सगळं अगदी वेळच्या वेळी असतं."

पलीकडून आवाज येईना. मला वाटलं, लाइन गेली. मी फोनकडे हात केला आणि तेवढ्यात ऐकू आलं, म्हातारी रडत होती.

"असं नको रे बोलूस," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत तुला तिथं नावं ठेवण्याइतकंही कोणी आपलं मिळालं नाही का रे?"

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मी वही पुढे ओढली आणि त्यातला एक जुना पत्ता पुन्हा पुन्हा वाचत राहिले. अठरा वर्षं हा माणूस माझ्या टेबलासमोर बसून चहा प्यायला, आणि आमच्याबद्दल, माझ्याबद्दल, कधी एक वाकडा शब्द बोलला नाही. हे मी आजवर सगळ्यांना मोठ्या अभिमानाने सांगत आले होते.